दहा हजाराव्या माणसाला दहा डॉलर: पिनबोर्ड नावाच्या छोट्या कंपनीचं प्रकरण

१६ डिसेंबर २०१०, गुरुवार. याहूच्या एका अंतर्गत बैठकीतली स्लाइड बाहेर फुटली आणि ट्विटरवर फिरायला लागली. स्लाइडवर कंपनीच्या उत्पादनांची वाटणी केलेली होती, कुणाचं पुढे काय करायचं त्याची. एका रकान्याचं नाव होतं 'सनसेट'. सूर्यास्त, म्हणजे साध्या भाषेत टाळं. त्या रकान्यात अल्टाव्हिस्टा होतं, याहू बझ होतं आणि डेलिशसही होतं. त्याच आठवड्यात याहूने सुमारे ६०० जणांना कामावरून कमी केलं होतं, त्यामुळे स्लाइड खरी की खोटी यावर वाद घालायला कुणाला फारसं कारण उरलं नव्हतं.

ज्यांनी डेलिशस वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००३ मध्ये जोशुआ शॅक्टरने सुरू केलेली ही साइट. वेबवर काही चांगलं दिसलं की त्याचा दुवा इथे ठेवायचा, त्याला आपल्या मनाचे दोन-चार टॅग, म्हणजे छोटे खूणशब्द, लावायचे, आणि वर्षांनी गरज पडली की टॅगवरून शोधून काढायचा. आज टॅग लावणं आपल्याला श्वास घेण्याइतकं सवयीचं झालंय. ती सवय लावणाऱ्यांत डेलिशसचा वाटा मोठा. डिसेंबर २००५ मध्ये याहूने ती विकत घेतली. २००८ च्या अखेरीस तिथे ५३ लाख वापरकर्ते होते आणि १८ कोटी वेगवेगळे दुवे साठवलेले होते. पण शॅक्टर त्याच वर्षी याहू सोडून गेला होता, आणि नंतर ही साइट अशा अवस्थेत राहिली की मालकाला ती नकोशी नव्हती आणि हवीशीही नव्हती.

तर त्या गुरुवारी, वर्षानुवर्षं जमवलेला ठेवा बुडणार या भीतीने लोक सामान बांधून निघाले. त्यातले पुष्कळ जण एका चिमुकल्या साइटच्या दारात येऊन उभे राहिले. तिचं नाव पिनबोर्ड. वय दीड वर्ष. गुंतवणूकदार शून्य. मुख्य माणूस एकच, माचेय त्सेग्वोफ्स्की, पोलंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, स्वतःची ओळख चित्रकार आणि प्रोग्रॅमर अशी करून देणारा. आणि गंमत म्हणजे या साइटवर खातं उघडायला पैसे पडत होते.

ही गोष्ट सहसा 'योग्य वेळी योग्य जागी असण्याची' म्हणून सांगितली जाते. मला ते अर्धंच पटतं. योग्य जागी उभं असणं हा नशिबाचा भाग झाला. पण त्या दिवशी तिथे उभी असलेली साइट फुकट असती, तर तिचं काय झालं असतं? पिनबोर्ड तगलं त्याचं श्रेय मी सर्व्हरला कमी आणि दाराशी लावलेल्या दरपत्रकाला जास्त देतो. त्या दरपत्रकाकडे लोक मार्केटिंगची क्लृप्ती म्हणून बघतात. माझ्या मते तो सॉफ्टवेअरच्या रचनेचाच एक भाग होता.

एकच नाम

आधी सॉफ्टवेअर. पिनबोर्ड जुलै २००९ मध्ये सुरू झालं. ते स्वतःला 'अंतर्मुख लोकांसाठीचं सोशल बुकमार्किंग' म्हणवत होतं. पानं उघडी-बोडकी, जाहिरात नाही, चित्रं जवळपास नाहीत, उघडायला क्षणभरही लागत नाही. बुकमार्क, म्हणजे साठवलेला दुवा, खासगी ठेवता येतो, 'नंतर वाचायचंय' अशी खूण करता येते, टॅग लावता येतात. झालं.

तंत्र तर याहून साधं. पीएचपी आणि पर्लमध्ये लिहिलेला कोड, माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, शोधासाठी स्फिंक्स, रांगेत लावायच्या कामांसाठी बीनस्टॉक, बॅकअप अॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेवर. २००९ मध्येसुद्धा यातलं काहीही नवलाईचं नव्हतं. साइटच्या माहिती-पानावरच त्सेग्वोफ्स्कीने लिहून ठेवलं होतं की पिनबोर्डच्या बांधणीत सांगण्यासारखं काहीच नाही आणि मी हा गुणच समजतो. वाचून हसू येतं, पण तो विनोद नव्हता. रात्री दोन वाजता डेटाबेस अडला, तर ज्या अडचणीवर जगभरातल्या हजारो लोकांनी आधीच डोकं फोडून घेतलंय अशीच अडचण समोर यावी, ही त्यामागची सोय.

'सोपं सॉफ्टवेअर' म्हटलं की आपण बटणं मोजायला लागतो. मला वाटतं मोजायची गोष्ट निराळी आहे: त्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य नामं किती? पिनबोर्डमध्ये एकच होतं, बुकमार्क. पत्ता, शीर्षक, टीप, टॅग, वेळ, खासगी आहे की नाही, वाचायचा आहे की नाही. एवढ्यात गोष्ट संपते. नाम एकच असलं की संकटाच्या वेळी कुठलं काम जगलं पाहिजे आणि कुठलं काम ताटकळलं तरी चालेल हे ठरवायला बैठक घ्यावी लागत नाही. बुकमार्क हरवता कामा नये. बाकी सगळं थांबू शकतं.

अजून एक निर्णय होता, बाहेरून न दिसणारा. पिनबोर्डने इतर प्रोग्रॅमना आपल्याशी बोलण्यासाठी जो एपीआय दिला, त्यातली नावं आणि मांडणी जमेल तितकी डेलिशसच्या जुन्या एपीआयसारखीच ठेवली. म्हणजे डेलिशससाठी कुणी ब्राउझरचं एक्स्टेन्शन किंवा फोनवरचं अॅप लिहिलं असेल, तर पत्ता बदलून जवळपास तेच पिनबोर्डवर चालावं. स्वतःचं काहीतरी 'अधिक चांगलं' रचायचा मोह प्रत्येक प्रोग्रॅमरला होतो (मलाही होतो, आणि त्यात गेलेल्या रात्रींचा हिशोब मी ठेवलेला नाही). त्याने तो टाळला. दुसऱ्याच्या कुलपाला बसणारी किल्ली आधीच घडवून ठेवली होती; दार उघडायची वेळ दीड वर्षाने आली.

दाराशी लावलेला दर

आता मुख्य मुद्दा. पिनबोर्डची प्रवेश फी एका सूत्रावर ठरत होती: आतापर्यंतच्या वापरकर्त्यांची संख्या गुणिले ०.००१ डॉलर. हजाराव्या माणसाला एक डॉलर, पाच हजाराव्याला पाच, दहा हजाराव्याला दहा. एकदाच भरायची. जितका उशीर कराल तितकी थोडी जास्त.

फुकट ते पौष्टिक, हा नियम वेबवर तेव्हा आजच्यापेक्षाही कडक पाळला जात होता. बुकमार्क ठेवायला पैसे? त्यातही डेलिशस फुकट असताना? पण एक-दोन डॉलरची फीसुद्धा तीन कामं एका दमात करते. पहिलं, स्पॅम टाकणारे येत नाहीत. बुकमार्कच्या साइटवर कचरा दुवे ओतणं हा त्या काळी अनेकांचा धंदाच होता; हजार खोटी खाती फुकट उघडता येतात, हजार डॉलर भरून कुणी उघडत नाही. स्पॅम नाही म्हणजे स्पॅम ओळखणारा कोड नाही, तो चालवणारा माणूस नाही, चुकून अडवल्या गेलेल्या भल्या माणसांच्या तक्रारीही नाहीत. न लिहावा लागलेला हा कोड कुठल्याच यादीत दिसत नाही, पण एकट्या माणसाच्या कंपनीत बहुधा तोच सगळ्यात महाग पडला असता. दुसरं, वाढीला आपोआप लगाम बसतो. तिसरं, जो येतो तो आपल्या ओझ्याचं भाडं सोबत घेऊन येतो.

सूत्राचं गणितही मांडून पाहण्यासारखं आहे. दर रांगेतल्या क्रमांकासोबत चढतो, म्हणून एकूण जमा संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सूत्र जसंच्या तसं लावलं तर पहिल्या हजार जणांकडून मिळून जेमतेम ५०० डॉलर येतात. दहा हजार जणांकडून ५०,०००. वीस हजारांकडून २ लाख. माणसं दुप्पट, पैसा चौपट. सुरुवातीला हे फारच केविलवाणं दिसतं, एका साध्या सर्व्हरचं वर्षाचं भाडंही निघणार नाही. पण सुरुवातीला सर्व्हरवर ओझंही तसंच नगण्य असतं, आणि तोवरचा खर्च गाठीच्या पैशांतून भागतो. अंथरूण आणि पाय एकाच सूत्राने लांबत जातात.

त्याशिवाय एक वार्षिक सोय होती, २५ डॉलरची. ती घेणाऱ्याच्या प्रत्येक बुकमार्कमागच्या पानाची प्रत पिनबोर्ड स्वतःकडे उतरवून ठेवायचं, म्हणजे मूळ पान उद्या गायब झालं तरी तुमच्याकडे ते राहील. इथली तर्कशुद्धता मला फार आवडते. नुसता बुकमार्क म्हणजे डेटाबेसमधल्या काही ओळी, एकदा लिहिल्या की जवळपास फुकट बसून राहतात; त्याची फी एकदाच. पानाची प्रत म्हणजे डिस्क, बँडविड्थ, पुन्हापुन्हा तपासणी, दर महिन्याचा खर्च. त्याची फी दरवर्षी. जिथे खर्च थांबत नाही तिथे वसुलीही थांबत नाही. एकट्याच्या कंपनीला हिशोबनीस परवडत नाही, म्हणून हिशोब दरातच कोंबून ठेवायचा.

तो गुरुवार

आता त्या दिवशी नेमकं काय झालं असेल ते तांत्रिक अंगाने बघू.

रोजच्या दिवशी एखादा वापरकर्ता दोन-तीन दुवे ठेवतो. डेलिशस सोडून आलेला माणूस तसा येत नाही. तो डेलिशसवरून काढून घेतलेली एक फाइल घेऊन येतो आणि ती अख्खी एका झटक्यात चढवतो. समजा त्यात पाच हजार बुकमार्क आहेत आणि प्रत्येकाला सरासरी चार टॅग. बुकमार्कच्या पाच हजार ओळी, टॅगच्या वीस हजार, मिळून पंचवीस हजार. अशी शंभर माणसं तासाभरात आली की पंचवीस लाख ओळी. म्हणजे येणाऱ्या प्रत्येकासोबत त्याची कित्येक वर्षांची रहदारी एका मिनिटात येते. शिवाय त्या सगळ्याची शोधासाठी अनुक्रमणिका करायची, ज्यांनी २५ डॉलर भरलेत त्यांची पाच-पाच हजार पानं वेबवरून उतरवायची. आणि नवखा माणूस काय करतो? आपलं सगळं नीट आलं ना हे बघायला पान पुन्हापुन्हा ताजं करत बसतो.

पिनबोर्ड त्या दिवशी धापा टाकत होतं. साइट मंदावली, रांगा लांबल्या. पण अशा वेळी एकच नाम असलेलं सॉफ्टवेअर कसं उपयोगी पडतं बघा. आयात करायचं काम रांगेत टाकायचं, ब्राउझरला ताटकळत ठेवायचं नाही. अनुक्रमणिका मागे पडली तर पडू दे, शोधात आजचे दुवे उद्या दिसतील, कुणाचं बुडत नाही. पानांच्या प्रती पुढच्या आठवड्यात उतरल्या तरी चालतं. पण माणसाने दिलेली फाइल हरवली तर तो पुन्हा कधीच विश्वास ठेवणार नाही. घर जळताना आधी काय बाहेर काढायचं हे आग लागायच्या आधीच ठरलेलं होतं, कारण घरात फार सामानच नव्हतं.

आणि दारात दर चालू होता. येणारा प्रत्येक जण फाइल चढवण्याच्या आधी पैसे भरत होता. फुकट साइटवर हीच गर्दी म्हणजे निव्वळ बिल. तिचा मालक त्या दुपारी दोनच गोष्टी करू शकतो: स्वतःच्या बचतीतून आणखी सर्व्हर घेणं, नाहीतर गुंतवणूकदाराला फोन लावून 'बघा केवढी वाढ झाली' हे सांगणं. तो फोन लागला तर कंपनी हळूहळू त्या फोनच्या पलीकडच्या माणसाची होते. पिनबोर्डला यातलं काहीच करावं लागलं नाही. सर्व्हर कमी पडला तर नव्याचे पैसे सर्व्हर कमी पाडणाऱ्यांनीच भरलेले होते.

त्यातही सूत्राची एक बाजू मला नंतर लक्षात आली. गर्दी वाढतेय, दर वाढवायचा का, आत्ता वाढवला तर लोक संधिसाधू म्हणतील का, हे प्रश्न अशा दिवशी माणसाला खाऊन टाकतात, आणि थकलेलं डोकं चुकीचं उत्तर देतं. इथे दर आपसूक, पैशा-पैशाने चढत होता आणि तो तसा चढणार हे दीड वर्षापासून सर्वांना माहीत होतं. निर्णय शांत दिवशी घेतलेला, अंमल धामधुमीच्या दिवशी.

दुसऱ्याच दिवशी याहूने खुलासा केला: डेलिशस बंद होत नाही, त्याच्यासाठी कंपनीबाहेर दुसरं घर शोधतोय. खुलासा बहुधा खराही होता. पण लोकांच्या कपाळावरची आठी गेली नाही. आपल्या ठेव्याचं भविष्य आपण न पाहिलेल्या बैठकीतल्या, आपण न पाहिलेल्या स्लाइडवर ठरतं, हे एकदा कळलं की ते विसरता येत नाही.

आगीतून फुफाट्यात

एप्रिल २०११ मध्ये यूट्यूबचे संस्थापक चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांच्या एव्हॉस या कंपनीने डेलिशस विकत घेतल्याचं जाहीर झालं. पैसा होता, नाव होतं. २७ सप्टेंबर २०११ ला नव्याने बांधलेलं डेलिशस उघडलं आणि जे वापरकर्ते टिकून राहिले होते त्यांचा एक मोठा गट एका दिवसात उखडला गेला.

हा गट कुठला? आवडत्या मालिका, पुस्तकं, चित्रपट यांतल्या पात्रांवर स्वतःच्या कथा लिहिणारे आणि वाचणारे चाहते. त्यांनी डेलिशसवर टॅगांचं असं काही ग्रंथालय उभं केलं होतं की व्यावसायिक ग्रंथपालांनी मान डोलवावी: कुठलं विश्व, कुठली जोडी, कथा किती लांबीची, कुणी वाचावी आणि कुणी वाचू नये. दोन पात्रांची जोडी सांगायला ते नावांमध्ये तिरकी रेघ घालत. नव्या साइटवर टॅगमधली तिरकी रेघ शोधाला चालेनाशी झाली. बाहेरून बघणाऱ्याला एक किरकोळ चिन्ह. ग्रंथालयाला मात्र कपाटांवरच्या सगळ्या चिठ्ठ्याच गेल्या.

एव्हॉसच्या प्रोग्रॅमरांना मी मूर्ख म्हणणार नाही. लाखो लोकांसाठी नव्याने बांधताना कुठलं चिन्ह कुणाच्या उपयोगाचं हे कळत नाही. फक्त, लाखो लोकांसाठी बांधण्याची त्यांना गरज होती, पिनबोर्डला नव्हती. ही चाहते मंडळी पिनबोर्डकडे वळू लागल्यावर त्सेग्वोफ्स्कीने त्यांना विचारलं, तुम्हाला नक्की काय काय लागतं? आपल्या सवयीप्रमाणे त्याला पाच-सहा मुद्द्यांची अपेक्षा असावी. चाहत्यांनी सगळ्यांना लिहिता येईल असा एक दस्तऐवज उघडला, आपसांत चर्चा करून, क्रम लावून, कारणं देऊन पन्नासच्या वर पानं भरली. सॉफ्टवेअर कंपन्या सल्लागार नेमून जे करवून घेतात त्याहून ते नेटकं होतं. त्यातल्या काही मागण्या त्याने पुऱ्या केल्या, काही नाही. पुढे २०१३ मध्ये ब्रायटनच्या एका परिषदेत या चाहत्यांविषयी त्याने प्रेमाने आणि आदराने भाषण केलं.

'एकाच गोष्टीवर लक्ष द्या, वैशिष्ट्यं वाढवू नका' हा उपदेश करणारे इथे थोडे अडखळतात. पन्नास पानांच्या मागण्या म्हणजे पसाराच की! पण त्या यादीत बहुतेक सगळं बुकमार्क आणि टॅग याच दोन शब्दांभोवती फिरत होतं. चॅट मागितलं नव्हतं, मित्र-मैत्रिणींची भिंत मागितली नव्हती. नाम तेच, क्रियापदं जास्त. मर्यादा नामांवर घालायची असते, हे मी तरी या प्रकरणावरून शिकलो.

मधल्या काळातला एक खोडकर प्रसंग सांगायचा मोह होतो. नवउद्यमांत लाखो डॉलर ओतण्याची स्पर्धा भरात होती, तेव्हा पिनबोर्डनेही स्वतःचा गुंतवणूक निधी जाहीर केला: निवडलेल्या सहा उद्योगांना प्रत्येकी ३७ डॉलर. सदतीस, पुढे शून्यं नाहीत. थट्टा होतीच, पण थट्टेच्या आत एक गंभीर म्हणणं दडलं होतं की वेबवर छोटी उपयोगी गोष्ट सुरू करायला आता भांडवल हा अडथळा राहिलेला नाही, आणि जी मदत खरोखर लागते ती म्हणजे पहिल्या काही ग्राहकांपर्यंत पोचवणारं कुणीतरी.

सूत्रातली भेग

इथवर वाचून वाटेल की ही फी म्हणजे परीस. तसं नाही.

एकदाच घ्यायची फी म्हणजे आजन्म सभासदत्व. लोक येत राहतात तोवर ते फार छान दिसतं, कारण नव्यांच्या पैशात जुन्यांचा खर्च निघतो. हे वाक्य पुन्हा वाचलं की अंगावर काटा यायला हवा. समजा वीस हजार वापरकर्ते आहेत आणि प्रत्येकामागे वर्षाला एक डॉलर खर्च येतो. म्हणजे दरवर्षी २०,००० डॉलर, कायमचे. सूत्राप्रमाणे त्या टप्प्यावर हजार नवे आले की तेवढे पैसे येतात. पुढच्या वर्षी पुन्हा हजार लागतात, आणि तेही किंचित जास्त, कारण सांभाळायची माणसं वाढलेली. आवक वाढीतून, जावक संख्येतून. वाढ थांबली की आवक थांबते, जावक थांबत नाही. त्यात दर सूत्राने वर ढकलत राहिलं, तर एका टप्प्यावर नवा माणूस दारातूनच परत फिरतो. प्रत्यक्षात पिनबोर्डची फीही पुढे बराच काळ दहा डॉलरच्या आसपास घुटमळत राहिली. वाढीला लगाम घालणारी फी आणि वाढीवर जगणारा हिशोब, दोन्ही एकाच सूत्रात, हा त्यातला अंतर्विरोध.

२५ डॉलरची वार्षिक सोय होती म्हणून ही भेग बराच काळ झाकली गेली. शेवटी २०१५ मध्ये पिनबोर्डने नव्या लोकांसाठी एकदाच भरायची फी बंद केली आणि वार्षिक वर्गणी सुरू केली. ज्यांनी आधीच एकरकमी भरले होते त्यांना दिलेला शब्द पाळला.

मग सुरुवातीपासूनच वर्गणी का नाही लावली? मला वाटतं, २००९ मध्ये लावली असती तर बहुतेक लोक आलेच नसते. एका अनोळखी माणसाची नवी साइट पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री नसताना 'दरवर्षी द्या' म्हणणं उद्धटपणाचं वाटलं असतं. दोन-तीन डॉलर एकदाच, बुडाले तर बुडाले, एवढा विश्वास कुणीही टाकतो. पाच वर्षं साइट चालली, त्या गुरुवारीही चालली, त्यानंतर वर्गणी मागायचा हक्क कमावलेला होता. दर बदलायला लाज वाटून जे छोटे धंदे पहिल्याच दरावर खंगतात, त्यांनी हा २०१५ चा बदल त्या गाजलेल्या गुरुवारइतकाच बारकाईने पाहावा.

दुसरी भेग दरातली नाही, माणसातली आहे. एकट्याच्या डोक्यात मावणारं सॉफ्टवेअर त्या एकट्याचं लक्ष असेल तोवरच चांगलं चालतं. २०१६ नंतर त्सेग्वोफ्स्कीचा बराच वेळ अमेरिकेतल्या राजकीय कामात, तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कामगारांना संघटित करण्यात आणि निवडणुकांसाठी निधी उभारण्यात जाऊ लागला. पुढच्या वर्षांत वापरकर्त्यांच्या तक्रारी उघडपणे दिसू लागल्या: पत्रांना उत्तर येत नाही, काही भाग नीट चालत नाहीत, एपीआयची नवी आवृत्ती किती वर्षं येतेच आहे. यात कुठलाही खलनायक नाही. माणसाला एकाच आयुष्यात दुसरंही काही महत्त्वाचं वाटू शकतं. पण स्वतःच्या पैशावर, एकट्याने, कुणाला उत्तर न देता कंपनी चालवण्याचं जे स्वातंत्र्य आपण डोक्यावर घेऊन नाचतो, त्याची ही दुसरी बाजू ग्राहकाच्या वाट्याला येते. गुंतवणूकदार नसतो तसा पर्यायी माणूसही नसतो. अशी साइट बांधणाऱ्याने ग्राहकाचा माल सहज बाहेर काढता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी. पिनबोर्डने ती ठेवली होती, आणि ज्यांना जायचं होतं ते त्या वाटेने गेले. डिसेंबर २०१० मध्ये डेलिशसमधून लोक ज्या वाटेने बाहेर पडले होते, तशीच ही वाट.

पस्तीस हजार

डेलिशसचं पुढे काय झालं? २०१४ मध्ये एव्हॉसने ती सायन्स नावाच्या कंपनीला विकली. २०१६ मध्ये तिच्याभोवती डेलिशस मीडिया नावाचा नवा संसार मांडला गेला. प्रत्येक मालकाने काहीतरी नवं बांधलं, काहीतरी जुनं मोडलं, आणि दर बदलाला थोडी माणसं गळाली. कोट्यवधी दुव्यांचं ओझं होतं, आणि ते उचलायचे पैसे कुणाकडून घ्यायचे हे कुठल्याच मालकाला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही.

जून २०१७ मध्ये पिनबोर्डने डेलिशस विकत घेतली. किंमत ३५,००० डॉलर, त्सेग्वोफ्स्कीने स्वतःच जाहीर केलेली. साइट बंद न करता ती नुसती वाचण्यापुरती ठेवायची आणि लोकांना आपले जुने दुवे काढून न्यायला वाव द्यायचा असं ठरलं. ज्यांना नवे दुवे ठेवायचे असतील त्यांना दुसऱ्या घरी या असं सांगण्यात आलं, आणि ते दुसरं घर कुठलं हे सांगायची गरज नव्हती.

हा आकडा वाचला तेव्हा मी कागद ओढून ते जुनं सूत्र पुन्हा मांडलं. पहिल्या माणसापासून मोजत गेलं, प्रत्येकाकडून त्याच्या क्रमांकाच्या हजाराव्या हिश्श्याएवढे डॉलर घेतले, तर ३५,००० जमायला किती माणसं लागतात? सुमारे ८,३६६. त्यातल्या शेवटच्याने साधारण आठ डॉलर सदतीस सेंट भरलेले असतात.